शवासनातली जागा

सिल्वासातल्या बागेत मी सकाळी योगवर्ग घेतो. आमचा वर्ग फार समजूतदार आहे असं कुणी म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. ते कौतुक माझं नाही, एवढं आता सांगून टाकतो.

नरोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करून एक तरुण यायचा. बूट झाडाखाली नीट ठेवायचा, आसनं मन लावून करायचा आणि शवासनात हात लांब पसरून घोरायला लागायचा. मग आमचा हास्ययोग सुरू झाला की दचकून उठायचा. लोक कुरकुरू लागले, तेव्हा मीच त्याला म्हणालो, "झोपायचं तर घरी झोपा."

"आबा, खोलीत एकेका गादीला माणसं दोन-दोन," तो ओशाळून म्हणाला. "दुसरा आठला ड्युटीवर गेला का मंग माझा नंबर. तिथंबी हात पसरला तं शेजारच्याच्या तोंडावर बसतो."

तो बूट घालायला वाकला. पुढच्या रांगेतल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, उद्या यायचं हं. आणि सर, तुमचं ते हसणं आधी उरका की!"

आता आम्ही आधी हसतो. त्यात सर्वांत मोठा आवाज त्याचाच असतो. शवासन झालं की बाकीचे चपला हातात घेऊन गवतावरून निघतात. काल फाटकाशी माझाच फोन वाजला. पूर्वी कुरकुरणारेच एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "शूऽऽ!"