पाहुण्यांपुढे रंभाकाकू

आमच्या चिचखेडीला नावं ठेवायची असतील तर ती आम्ही ठेवू. बाहेरच्याने ठेवली की माझं डोकं फिरतं. माझी पिठाची चक्की आहे. उमरेडपासून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. रस्ता कुठे उखडला, दवाखान्यात सिस्टर कधी येते, नळाला पाणी का नाही, या साऱ्याचा निकाल दळणाच्या रांगेत रोज लागतो आणि त्यात कोणाचीच गय होत नाही. पण बाहेरगावचा माणूस दिसला रे दिसला की हीच रांग एका सुरात सांगते, "आमच्या गावात कायचीच कमी नाही जी!"

रंभाबाई तेवढी याला अपवाद. साऱ्या गावाची रंभाकाकू. अंगाने काटकुळी, आवाज मात्र बिनभोंग्याचा चौकापर्यंत जाणारा. नवरा गेला तेव्हा मुलगा ताराचंद लहान होता. शेती तिनेच सांभाळली, आणि शेती सांभाळता सांभाळता गावही. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. ही बाई रिकामा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, कमरेवर घेऊन थेट फीत कापणाऱ्या साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुमच्याच हातानं पह्यला गुंड भरून द्या." टाकीला पाइपच जोडला नव्हता. साहेबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्या दिवशी गावाने काकूला खूप बोल लावले, आमची नाचक्की केली म्हणून. महिन्याभरात नळ आले, तेव्हा बोल लावणारेच सर्वांत आधी भांडी घेऊन धावले. मी तर म्हणतो, आमच्या गावाला जे काही मिळालं त्यातलं निम्मं या बाईच्या तोंडामुळे मिळालं, आणि मला याचा अभिमान आहे.

पण गेल्या वर्षी तिच्या घरातच पेच पडला. तिची नात उन्नती उमरेडला बी.एस्सी. करते. सकाळची बस गावात येते, संध्याकाळची मात्र फाट्यावर उतरवून पुढे निघून जाते. फाट्यापासून गाव दोन किलोमीटर. मध्ये नाला आणि झाडी. पावसाळ्यात तिथे वाघाने वासरू ओढून नेलं, आणि ताराचंदने फर्मान काढलं, दिवाळीपर्यंत बस गावात आली नाही तर कॉलेज बंद. त्याचंही चुकत नव्हतं. संध्याकाळी गाईंचं दूध काढायला तोच एकटा, आणि उन्नतीचा भाऊ हर्षित कोळशाच्या खाणीत, आज या पाळीला तर उद्या त्या पाळीला. मी म्हटलं, काकू, मी आणत जाईन पोरीला मोटारसायकलवर. तर मलाच झापलं.

"तू आज आणशीन, उद्या आणशीन. गावच्या साऱ्या पोरी काय तुह्या गाडीवर शिकतीन का गा? मले उपकार नको, बस पायजे."

उन्नती रडून रडून गप्प झाली होती. तिच्या आजीने बसच्या ऑफिसात दोनदा खेटे घातले, तिथे कोणी दाद दिली नाही. दिवाळी तोंडावर आली.

अशात हर्षितसाठी स्थळ आलं. मुलगी वैदेही, उमरेडलाच पतसंस्थेत नोकरीला. मुलामुलीची पसंती झाली होती, आता रविवारी तिचे वडील आनंदराव घर पाहायला येणार होते. शहराजवळच्या लोकांना हे कळणार नाही, पण आमच्या गावात लग्नाची पोरं रांगेत उभी आहेत. जंगलाकाठच्या गावात मुलगी द्यायला कोणी धजत नाही. त्यामुळे हर्षितचं जमणं म्हणजे गावाचं जमणं. म्हातारे दादाजी घरोघर सांगत फिरले, "पाहुण्यांपुढं गावाबद्दल वाकडं बोलायचं नाही." समाजमंदिरासमोरचा खड्डासुद्धा बुजवला गेला.

रविवारी आनंदराव आले. ताराचंदच्या घरी आम्ही गावकरीही जमलो होतो. पोहे झाले, चहा झाला. त्यांनी विचारलं, इथून येणं-जाणं कसं काय आहे? दादाजी म्हणाले, "अजून थोडे पोहे घ्या जी." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. ताराचंदने लाडू पुढे केले.

तेवढ्यात दारात एक तरुण बाई उभी राहिली. नागपूरहून एका संस्थेकडून आलेली, अरुंधती मॅडम. धरमपेठेसारख्या शहरी वस्तीत राहणारी, उन्हाने लाल झालेली. गावातल्या सोयींबद्दल रहिवाशांना काय वाटतं ते ती घरोघर विचारत होती. जिथे अडचण जास्त, तिथे सोय आधी, असं वरून ठरलं होतं. बिचारी सकाळपासून फिरत होती आणि प्रत्येक घरात तिला चहा आणि एकच उत्तर मिळत होतं, कायचीच कमी नाही.

"बस येते का गावात?" तिने विचारलं.

"येते ना मॅडम," ताराचंद म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

रंभाकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सकाळी येते. संध्याकाळची फाट्यावर सोडून जाते. ते बी लिहा."

"माय, पाहुणे बसले हायेत," ताराचंद दबक्या आवाजात म्हणाला.

"मले दिसून राहिलं. तुही पोरगी कॉलेज सोडून राहिली, हे तुले दिसून राहिलं का?" मग ती मॅडमकडे वळली. नाला सांगितला, झाडी सांगितली, वासरू सांगितलं. सिस्टर आठवड्यातून एकदाच येते हेही सांगून टाकलं.

दादाजींना राहवलं नाही. "रंभा, आपल्याच गावाची बदनामी काहून करून राहिली वं?"

"आपलं हाय म्हणूनच सांगून राहिली. लोकाच्या गावाची तक्रार मी कायले करू?"

हर्षित जमिनीकडे पाहत बसला. स्वयंपाकघराच्या दारात उन्नती उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्यापायी भावाचं लग्न मोडलं, असंच तिला वाटत असणार. मला काकूचा राग आला नाही, पण भीती वाटली.

आनंदरावांनी कप खाली ठेवला.

"माही वैदेही सहाले सुटते," ते म्हणाले. "लग्न झालं तरी नोकरी सोडणार नाही म्हणते. म्हणजे तिले याच फाट्यावर उतरायचं हाय ना? घंटाभर झाला मी हेच विचारून राहिलो, आन् तुम्ही मले पोहे वाढून राहिले."



ते मॅडमकडे वळले. "माहं नाव लिहा. संध्याकाळची बस पायजे."

"काका, फक्त गावात राहणाऱ्यांचंच मत घ्यायचं आहे," ती संकोचून म्हणाली.

"माही पोरगी राहणार हाय ना इथं. मंग तिचं लिहा. वैदेही."

हर्षितने मान वर केली. रंभाकाकू, जिने नवऱ्याच्या मागे कोणासमोर डोळे पुसले नव्हते, तिने सगळ्यांसमोर पदर डोळ्यांना लावला. आणि मग दादाजी पुढे सरकून म्हणाले, "मॅडम, माहं सकाळचं खोडा. नव्यानं लिहा." त्यांच्यामागे आम्ही सगळे. अख्खं गाव त्या दिवशी खरं बोललं. माझी छाती इतकी कधी फुगली नव्हती.

गर्दी पांगल्यावर मी काकूला पुन्हा विचारलं, बस मंजूर होईपर्यंत उन्नतीला फाट्यावरून मी आणू का?

"आण," ती म्हणाली. "बस येतवर. त्याच्यापुढं एक दिवस नाही."

ताराचंद खांबाला टेकून उभा होता. त्याने दारातल्या पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "उद्या कितीले हाय वं कॉलेज तुहं?"