मिजोवालीचा साधा टीव्ही

कुमजा आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, इनग्यूची, सख्खी आत्या. वय शहाऐंशी. दक्षिण कोरियातल्या नामहे बेटावर, लसणाच्या शेतांना लागून, तिचं छोटंसं घर आहे आणि त्यात ती एकटी राहते. गावात तिला कुमजा म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. तिकडच्या म्हाताऱ्या एकमेकींना माहेरच्या गावानं हाक मारतात. आत्या मिजोहून लग्न होऊन आली, म्हणून ती मिजोवाली.

नवरा गेला, एकुलता मुलगा बोटीवर गेला तो परत आलाच नाही, तरी आत्या रोज अंगण झाडून, केस नीट बांधून गावच्या सभाघरात जायची. तिथे खालून तापवलेल्या गरम जमिनीवर पाय पसरून म्हाताऱ्या लसूण सोलतात आणि मालिका बघतात. आत्याचं सगळं जग तेवढंच होतं.

गेल्या हिवाळ्यात एका बटणानं ते जग बंद झालं. सभाघराच्या मोठ्या टीव्हीला रिमोट दोन, खाली इंटरनेटचा डबा. आवाज वाढवायला म्हणून आत्यानं काहीतरी दाबलं आणि पडदा निळा होऊन बसला. नेमकी त्या दिवशी मालिकेतली हरवलेली मुलगी आईला भेटणार होती. सांगजूवालीची जीभ अख्ख्या गावात तिखट. ती म्हणाली, "मिजोवालीनं हात लावला की मासासुद्धा पाण्यात बुडेल." सगळ्या हसल्या. आत्याही हसली आणि दुसऱ्या दिवसापासून तिकडे फिरकली नाही.

वसंतात तिचा फोन आला. टीव्ही घ्यायचाय, म्हणाली, साधा, अडाण्यालाही चुकता येणार नाही असा. पैसे तिचेच, आम्ही फक्त बरोबर यायचं. तिच्या घरी इंटरनेट नाही. मोबाइलसुद्धा अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाखाली उभं राहिलं तरच लागतो. आम्हाला वाटलं, सभाघर सुटलं ते सुटलं, निदान घरी तरी कुणाचा आवाज होईल.

तालुक्याच्या दुकानात माझंच डोकं फिरलं. जो टीव्ही लावावा तो आधी इंटरनेट मागायचा. आत्या प्रत्येक पडद्यापुढे वाकून "आमच्याकडे नाही हो" असं सांगत पुढे जायची. दुकानदार म्हणे, आजकाल साधा असा राहिलाच नाही. शेवटी कोपऱ्यात एक सापडला, नुसता अँटेनाच्या वायरीवर चालणारा, रिमोट एकच.

आता झालं, असं मला वाटलं, तर आत्याचे प्रश्न सुरू. कडेला बसलेल्याला दिसेल का? आडवं पडून दिसेल का? कमी ऐकू येणाऱ्याला पुरेल एवढा आवाज आहे का? आत्याला तर भिंतीतली पाल चुकचुकलेली ऐकू येते. मी म्हटलं, "आत्या, तुमची खोली चटईएवढी. तिथे कडेला बसणार कोण?" ती दुकानातच जमिनीवर बसली आणि मला पार भिंतीपाशी बसवून, नीट दिसतंय का, असं विचारलं. इनग्यू माझ्या कानात म्हणाला, वय झालंय तिचं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, पण तिचे डोळे विसरलेल्या माणसाचे नव्हते.

पैसे देऊन झाल्यावर तिनं पिशवीतून गुडघ्याला लावायची औषधी पट्टी काढली, कात्रीनं कापली आणि चालू-बंद, आवाज आणि चॅनेल एवढीच बटणं सोडून सगळा रिमोट झाकून टाकला. कापराचा वास दुकानभर सुटला.

टीव्ही पोचवायला दुकानाची गाडी निघाली. वाट दाखवायला आत्या पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे आमची गाडी. गावात शिरल्यावर तिच्या घराची चढण आली, तरी ती गाडी सरळच गेली आणि सभाघरापाशी थांबली. तिच्या त्या सगळ्या प्रश्नांचा अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा शिरला.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या उंबऱ्यावर चपला न काढताच उभी होती. आत म्हाताऱ्या लसूण सोलत होत्या आणि तो मोठा टीव्ही चक्क चालू होता. त्यावर कुणीतरी गळ टाकून मासे पकडत होतं. आत्या बघतच राहिली. ठरवून आणलेलं वाक्य मात्र ती बोलली, "मी बिघडवला होता, म्हणून हा आणलाय."

सांगजूवालीनं सुरी खाली ठेवली. "काय बिघडवलं होतंस? गावप्रमुखानं दुसऱ्याच दिवशी एक बटण दाबलं आणि लागला की."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू रागावलीयस असं वाटलं. दोनदा तुझ्या फाटकापर्यंत आले गं. परत फिरले."

मग कळलं ते असं, की त्या दिवसापासून गावप्रमुख दोन्ही रिमोट खिशात घालून फिरतो. सकाळी टीव्ही लावतो, संध्याकाळी बंद करतो, चॅनेल त्याचं. हिवाळ्यापासून बायकांनी नुसती मासेमारी बघितली होती. मालिकेतली मुलगी आईला भेटली का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खोकं कुठे ठेवायचं, असं गाडीवाला विचारत होता. कुणी म्हणे घरी ने, कुणी म्हणे इथेच राहू दे. आत्या एकदा खोक्याकडे बघे, एकदा माशांकडे. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"आधी चपला काढ," सांगजूवाली म्हणाली.

नवा टीव्ही मोठ्याच्या खाली लागला. सांगजूवालीनं रिमोट नाकाशी नेला. "याचेही गुडघे दुखतात वाटतं," म्हणाली आणि तो आत्याच्या हातात परत दिला. "तूच दाब."

"बिघडला तर?"

"तर मासे आहेतच."

आत्यानं रिमोट टीव्हीसमोर धरला. तिनं दाबलं. वर मासे चालूच, आणि खाली एक बाई रडताना दिसली. मालिका वेगळीच होती. ही कोण, हिचा नवरा कोणता, कशाला रडते, कुणालाच काही कळेना. एकीनं आत्याला विचारलं, जणू टीव्ही तिचा म्हणजे गोष्टही तिलाच ठाऊक असणार.

"मला काय माहीत," आत्या म्हणाली आणि सांगजूवालीच्या शेजारी सरकून बसत तिनं लसणाची टोपली पुढ्यात ओढली.