पुसलेली शिट्टी

कशेळीच्या गोदामात मी परत आलेला माल तपासतो. सातवीत शाळा सुटली, गाव लांब विदर्भात. तरी सुपरवायझर दादांनी हे बसून करायचं काम दिलं, त्यांचे उपकार आहेत. म्हणूनच चुकायची धास्ती जास्त.

गेल्या वर्षी एका जुन्या रॉक बँडच्या मैफलींच्या तबकड्या नव्याने निघाल्या. खोक्यावर छापलेलं, ‘आवाज अगदी स्वच्छ’. पुष्कळांना आवडल्या, काही परत आल्या. एकीत मराठी चिठ्ठी होती: ‘या मैफलीला आम्ही दोघं भाऊ होतो. तिसऱ्या गाण्याआधी त्याने मारलेली शिट्टी जुन्या कॅसेटवर ऐकू यायची. कॅसेट खराब झाली, भाऊही गेला. तुम्ही गर्दीचा आवाज पुसलात. शिट्टी असलेली प्रत असेल तर द्या.’

मी ती दादांना वाचून दाखवली.

“तबकडीवर चरा हाय का?”

“नाही, दादा.”

“मग दोष न्हाय. शिट्टीचा रकाना हाय का तुझ्या कागदावर? मार शिक्का.”

मी ‘दोष नाही’चा शिक्का मारला; असा माल पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाकडेच परत जातो. चिठ्ठी फेकवेना, म्हणून खोक्यात परत ठेवली. तिच्यावर दोन शब्द लिहायची हिंमत झाली नाही. लिहिणाऱ्याला ती तशीच सापडली असेल, आणि कुणी वाचलीच नाही असं वाटलं असेल.