पुतणीच्या लग्नाला मी का गेलो नाही

मित्रांनो, वर्षभर कोणाला सांगितली नाही अशी एक गोष्ट आज इथे लिहितोय.

मला दर तासाला लघवीला जावं लागतं. एसटीत बसलो की जीव टांगणीला लागतो, म्हणून प्रवासच सोडला. उन्हाळ्यात मुरबाडला धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हाही काहीतरी कारण सांगून मी शहापूरला घरीच बसलो. तेव्हापासून भावाचा फोन नाही.

शेवटी तपासण्या करून घेतल्या आणि आज रिपोर्ट घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "साखर, इन्फेक्शन, बीपीच्या काही गोळ्या, कशानेही असं होतं. पण तुमची मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलीय. वयानुसार वाढते, औषध आहे. इतके दिवस गप्प का बसलात?"

बाहेर बाकावर बसून भावाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "दादा, आमी समजलो तू रागावलास. अरे, मला पण हाच तरास हाय. मांडवातून सारखा उठून जात होतो, कोणाला बोललो नाय."

"मग डॉक्टरला दाखव."

"तू येशील माझ्यासंगती?"

येतो म्हणालो.

माझी बायको जिवंत असती तर तिला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. आता मी रात्री किती वेळा उठतो, हे ऐकायला घरात कोणी नाही.

तुमच्यातलंही कोणी हल्ली लग्नकार्याला येणं टाळत असेल. तो रागावलाय असंच धरून बसलात, की एकदा विचारलंत?