जावईबापूंची तीन किलोमीटरची हौस

आमच्या जावईबापूंचा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे शटर आहे, पाटी आहे, आत एक स्टूल आणि मागे निळा पडदा आहे. त्या स्टुलावर बसून अर्ध्या गावाने पासपोर्टचे फोटो काढले, आणि त्या फोटोंत अर्धं गाव डोळे मिटून बसलेलं आहे. जावईबापूंना थांबणं म्हणून माहीत नाही. "हसा" म्हणायच्या आधी त्यांचं बटण दाबून झालेलं असतं. कोणी कुरकुर केली तर सांगतात, चेहरा कसा नैसर्गिक आलाय.

जावई माणूस, त्यामुळे मी त्यांना अहोजाहो करते, गरम चहा पुढे ठेवते आणि मनातलं मनात ठेवते. वीस वर्षं ठेवते आहे. आता मनात जागा उरली नाही म्हणून लिहायला बसले.

लोक फोनवरच फोटो काढायला लागले तसा स्टुडिओ ओस पडला. जावईबापूंनी मोठा कॅमेरा विकला आणि ड्रोन आणलं. परातीएवढं यंत्र, चार पंखे, पोटाखाली कॅमेऱ्याचा डोळा. ते आलं आणि आमच्या घरात वैमानिक जन्माला आला. डोक्यावर टोपी आली, गळ्यात पट्टा आला, चालणंसुद्धा बदललं. खोक्यातलं माहितीचं पुस्तक तेवढं उघडलं नाही. पुस्तक अडाणी लोकांसाठी असतं म्हणाले. ते माझ्या लेकीने वाचलं. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. एक चिठ्ठी चुकली तर कोणाचं रक्त कोणाच्या नावावर जाईल, त्यामुळे तिला आधी वाचायची आणि मग हात लावायची सवय आहे.

ड्रोन नजरेबाहेर न्यायचं नाही, हे तिने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. हे हसले. त्यांचा फोनवर एक गट होता, सगळे असलेच उडाणटप्पू. कोणाचं ड्रोन किती लांब गेलं त्याचे आकडे रोज एकमेकांना पाठवायचे. खाली काय दिसलं ते कोणी सांगायचं नाही, फोटोही नाही, नुसता आकडा. जावईबापूंचा आकडा दोन किलोमीटर आठशेवर अडला होता. तीन व्हायला हवे होते. माणसाला पोराबाळांची काळजी असते, तशी यांना त्या दोनशे मीटरची होती. एकदा त्याच नादात बॅटरी संपत आली आणि ड्रोन शाळेच्या छपरावर उतरलं. शिपायाची शिडी मागून खाली आणलं, आणि घरी येऊन सांगितलं की आपत्कालीन उतरणं कसं करायचं याचा सराव केला.

मग तलावावरचं काम आलं. तलावात माशांचे पिंजरे आहेत, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटी आणि त्यांना खाली सोडलेली जाळी. जवळचे पिंजरे काठाला, लांबचे पलीकडच्या टेकडीखाली, दोन किलोमीटरवर. जाळी फाटली की मासे पसार. तिथला सुपरवायझर रोज बोटीने फेरी मारून कंटाळला होता. तो म्हणाला, वरून बघून दाखवा, जमलं तर दर आठवड्याचं काम तुमचं. आणि नाही जमलं तर काय, ते आम्हाला घरीच माहीत होतं. जावईबापूंच्या थोरल्या भावाचं टायरचं दुकान आहे. स्टुडिओचं शटर कायमचं ओढून यांनी त्याच्या हाताखाली पंक्चर काढायला बसायचं, असं दोघा भावांत ठरलं होतं. लेक त्या आठवड्यात धड जेवली नाही. नवरा कसाही असला तरी त्याला भावाच्या दारात मान खाली घालून बसलेला बघवत नाही.

त्या दिवशी मलाही नेलं. मला सुईत दोरा ओवता येत नाही, पण लांबच्या खांबावरचा कावळा कोणत्या बाजूला तोंड करून बसलाय ते सांगते. लेक म्हणाली, "आई, तू फक्त आभाळात बघायचं. ड्रोन दिसेनासं झालं की सांगायचं." आमच्या वैमानिकांना हे अपमानाचं वाटलं. ते मला म्हणाले, तुम्ही आपल्या वारा खात बसा.

वारा होताच. काठाकडून टेकडीकडे चांगला वाहत होता. लेकीचं म्हणणं, बोट लागते त्या धक्क्यावरून उडवू या, तिथेच उभे राहू, आणि वारा जाताना पाठीशी असला तरी येताना तोंडावर येईल, म्हणून बॅटरी अर्धी व्हायच्या आत माघारी फिरवू. सुपरवायझरने मान डोलावली. जावईबापूंना मात्र बोटीवरून उडवायचं होतं. दिसायला भारी दिसतं म्हणे. बोट काठावरच्या पंपहाउससमोर आली तशी त्यांनी पुढच्या फळीवरून यंत्र उडवलं, आणि उन्हात रिमोटचा पडदा दिसत नाही म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन आत शिरले. टॉवेलाच्या आतून आवाज तेवढा येत होता: पाचशे, आठशे, हजार.

सुपरवायझरला जवळच्या पिंजऱ्यांत खाद्य टाकायचं होतं. त्याने बोट काठाकाठाने तिकडे घेतली, चांगली किलोमीटरभर. टॉवेलाला पत्ताही नव्हता.

काम झालं, हेही खरं सांगते. लेकीने आणि सुपरवायझरने टॉवेलाचं टोक उचलून पाहिलं, लांबचे पिंजरे पडद्यावर स्वच्छ दिसले. एका जाळीला कोपऱ्यात भोक होतं, ते पाहून सुपरवायझर खूश झाला. तेवढ्यावर माघारी फिरवलं असतं तर माझं लिहायचंच राहिलं असतं. मी सांगितलं की मला यंत्र दिसेनासं झालंय. लेक टॉवेलात डोकावून म्हणाली, बॅटरी पंचावन्नवर आली, फिरवा. टॉवेलातून उत्तर आलं, "थांब गं, दोन सातशे झालेत."

त्या तीनशे मीटरसाठी त्यांनी ड्रोन टेकडीच्या आड घातलं, आणि पडदा काळा झाला.

टॉवेल खाली आला. चेहरा टॉवेलासारखाच पांढरा. तरी तोंड चालूच. सिग्नल तुटला की यंत्र आपलं आपण वर चढतं आणि निघाल्या जागी परत येतं, काही काळजी नको, वगैरे. सुपरवायझर ऐकत होता. लेकीने शांतपणे विचारलं, "अहो, निघालं कुठून?"

जावईबापूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चारी बाजूंना माशांचं खाद्य आणि पाणी. यांना कुठून निघालो तेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, पंपहाउससमोरून, काठापासून पन्नास पावलांवर. तिथे आता नुसतं पाणी होतं, आणि यंत्र इमानदारीने तिथेच येऊन पाण्यात उतरणार होतं.

सुपरवायझरने बोट वळवली. वाटेत पडदा उजळला. बॅटरी चोवीस. समोरच्या वाऱ्याशी झगडत यंत्र उंचावरून गोगलगाईसारखं सरकत होतं, आणि आकडा डोळ्यांदेखत उतरत होता.  जावईबापूंनी एकदा लेकीकडे पाहिलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. या माणसाने आजवर स्टुडिओतला दिवासुद्धा दुसऱ्याला लावू दिला नव्हता.

तिने आधी यंत्र खाली घेतलं, कारण पाण्यालगत वारा कमी होता आणि वाटेत आडवं काही नव्हतं. मग पडद्याकडे न बघता मला विचारलं, "आई, दिसतंय?" मला ठिपका दिसत होता. डावीकडे आहे म्हटलं. मग अजून डावीकडे, मग आता सरळ आपल्याकडे. पंपहाउससमोर सुपरवायझरने इंजिन बंद केलं आणि खाद्याची रिकामी पेटी उलटी करून ठेवली. ड्रोन डोक्यावर आलं तसे जावईबापू ते झेलायला दोन्ही हात पसरून उभे राहिले. लेक म्हणाली, "हात मागे घ्या आणि खाली बसा." ते बसले. लग्नानंतर पहिल्यांदा एका सांगण्यात बसले. यंत्र पेटीवर टेकलं तेव्हा बॅटरी सात होती.

बोट काठाकडे निघाली. मला टायरच्या दुकानाचा वास यायला लागला होता. धक्क्यावर सुपरवायझरने पिशवीतून कामाचा कागद काढला, पण पुढे केला नाही. म्हणाला, भोक दिसलं ते चांगलंच झालं, पण माझ्या पाण्यात असल्या शर्यती नकोत. बोट अर्ध्या वाटेपर्यंत न्यायची, ती उभी करायची आणि तिथून डोळ्यांना दिसेल तेवढंच उडवायचं. कबूल असेल तर बोला, आणि उडवणार कोण तेही सांगा.

मी जावईबापूंकडे बघत होते. आता वाऱ्यावर ढकलतील, नाहीतर सिग्नलवर, नाहीतर माझ्यावर, अशी माझी खात्री होती.

ते म्हणाले, "चूक माझी झाली. उडवेल ही."

कागदावर चालक म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने लेकीचं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, कोणी न सांगता. आता दवाखान्याला सुट्टी असते त्या दिवशी दोघं तलावावर जातात. ती उडवते. हे टॉवेल खांद्यावर टाकून, मान वर करून, यंत्र दिसतंय, दिसतंय असं सांगत उभे राहतात. स्टुडिओत येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र ऐकवतात की तलावावरची सगळी देखरेख माझ्याकडे आहे. कागदावरच्या त्या एका नावापुरतं मी त्यांना माणसांत धरते. बाकी माझं मत आहे तेच आहे, आणि चहा गरमच देते.