भैरवीनंतरची घंटा

ऐंशीच्या दशकातली पाच-सहा वर्षं माझे रविवार दोन ठिकाणी वाटलेले होते. दुपारी मुलुंडचा वृद्धाश्रम, संध्याकाळी घाटकोपरचं एक शाकाहारी हॉटेल. मी पेटी वाजवत गायची आणि धाकटा भाऊ तबल्यावर असायचा. एरवी मी एका कचेरीत टायपिस्ट होते आणि तो साकीनाक्याला लेथ मशीनवर. त्यामुळे भांडुपच्या आमच्या चाळीत आम्हाला कलावंत म्हणणारं कोणी नव्हतं. गिरणीतून घरी बसलेल्या वडिलांचं मत असं, की रविवारी माणसानं मासे आणावेत, पेटी उचलून गावभर फिरू नये.

यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. शनिवारी रात्री मी दोन याद्या करायची. आश्रमाच्या यादीत अभंग, नाट्यगीतं, भावगीतं. हॉटेलच्या यादीतही तीच, फक्त ताना काढून टाकलेल्या. ही काटछाट हॉटेलच्या मालकांची, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना अण्णा म्हणायचो त्यांची. गाणं ऐकू आलं पाहिजे, पण कोणी ऐकत बसता कामा नये, असं त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. ऐकत बसलेला माणूस दुसरा डोसा मागवत नाही.

आमची बैठक ज्यूसच्या काउंटरला लागून होती. मिक्सर सतत घरघरायचा. दोन रविवार मी त्याच्याशी भांडले, तिसऱ्या रविवारी माझी पट्टी त्याला जुळवून घेतली. गल्ल्यावर अण्णांच्या उजव्या हाताला स्टीलची एक घंटी होती. वेटरला बोलवायचं की ते तिच्यावर तळवा मारायचे. तिचा सूर कशातच बसत नव्हता. तिचा नाद मी सोडून दिला.

पहिल्या रविवारी रात्री, सभ्य माणसासारखी, मी भैरवीनं शेवट केला. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचले नाही तोच मराठी टेबलांवर हालचाल सुरू झाली. आईनं पोराचं तोंड पुसलं, बापानं बिल मागितलं, आजोबा पायानं टेबलाखालची चप्पल शोधू लागले. ही सगळी गणपतीच्या मांडवात गाणी ऐकून वाढलेली माणसं. भैरवी लागली की उठायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. शेजारच्या गुजराती कुटुंबांना भैरवीचं काही नव्हतं, पण आजूबाजूचे सगळे उठलेले बघून त्यांनीही बिल मागवलं. एका गाण्यात हॉटेल रिकामं झालं आणि बाहेर ताटकळलेली माणसं आत आली.

रेंगाळणाऱ्या गिऱ्हाईकाला उठवायचे उपाय अण्णांनी आयुष्यभर शोधले होते. पाणी न देणं, पंखा बंद करणं, माणूस जेवत असतानाच टेबल पुसायला लावणं. पण उठताना गिऱ्हाईकानं वर टाळ्याही वाजवाव्यात असा उपाय त्यांना पहिल्यांदाच सापडला होता. पुढच्या रविवारपासून दाराशी गर्दी झाली की ते गल्ल्यावरून दोन बोटं वर करायचे आणि मी भैरवी धरायची. एका संध्याकाळी दोनदा, कधी तीनदा. माझे गुरुजी डोंबिवलीला राहायचे आणि बाहेरचं काही खायचे नाहीत, एवढाच मला आधार होता.

भाऊ एकदा तबल्यावर पावडर लावता लावता म्हणाला, "तायडे, आपण गात नाही. आपण झाडू मारतो."

तरीही ते काम आम्हाला सोडायचं नव्हतं. आश्रमात मानधन म्हणून नारळ मिळायचा. घरी आठवडाभर खोबऱ्याची चंगळ असायची, पण महिनाअखेरीला चूल पेटायची ती हॉटेलच्या पाकिटावर. आणि हॉटेलातल्या फ्रीजवर प्लास्टिकचं कव्हर घातलेला दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर येऊन बसला होता. अण्णांच्या भाच्यानं तो आखातातून आणला होता. ज्या दिवशी आमच्या भैरवीनं टेबलं उठणार नाहीत त्या दिवशी कव्हर निघणार, हे कोणी न सांगता आम्हाला कळलं होतं.

आश्रमात पंचाईत उलटी होती. तिथे कोणाला भैरवी नकोच असायची. व्यवस्थापिका बाईंनी सभागृहात पाटी रंगवून घेतली होती: कार्यक्रम भैरवीने संपेल, घंटा झाल्यावर उठावे. भैरवी झाली की बाई पितळी घंटा वाजवायच्या, मग उन्हं असतानाच रात्रीचं जेवण म्हणून दुधीची भाजी, मग दिवे बंद. घंटेचं कलम मागाहून आलेलं. आधी भैरवी संपताच सगळे एकदम दाराकडे निघायचे आणि काठीत काठी अडकायची.

भैरवीपुढे दुधी आहे हे माहीत असल्यामुळे ती लांबवण्याचं काम एका निवृत्त हेडमास्तरांनी अंगावर घेतलं होतं. मी भैरवीसाठी भाता ओढला रे ओढला, की मास्तरांचा हात वर. एक फर्माईश. गाणं असं काढायचे की मी जन्मात ऐकलेलं नसे. येत नाही म्हटलं तर शिकवायला बसायचे, आणि त्यात जास्त वेळ जायचा.

तर अशा या आश्रमाच्या अध्यक्षांची साठी आली आणि आजी-आजोबांना बाहेर जेवायला न्यावं असं त्यांच्या मनात आलं. हॉटेल मीच सुचवलं. बेतही मीच आखला: गर्दी व्हायच्या आत यायचं, लवकर उठायचं. मंडळी नटूनथटून ऐन गर्दीत पोचली. व्यवस्थापिका बाई आश्रमातच थांबल्या होत्या. आमच्या बैठकीसमोर टेबलं जोडली गेली. मास्तरांनी मेनूकार्ड हजेरी घेतल्यासारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. मग एकेकानं काय खायचं ते ठरवलं, मग बदललं. नऊवारीतल्या एक आजी तर डोसा समोर आल्यावर बराच वेळ नुसत्या बघतच बसल्या. एवढा मोठा तो एकटीनं खायचा, हे त्यांना पटेना.

दाराबाहेरची रांग पानवाल्यापर्यंत गेली. अण्णांनी दोन बोटं वर केली. मी भात्याकडे बघत दुसरंच गाणं घेतलं. पुन्हा बोटं वर झाली. मी पुन्हा पेटीत डोकं घातलं. मग अण्णा गल्ला सोडून आले. एरवी ते गल्ला फक्त घरी जाताना सोडायचे.

"ताई, बाहेर पब्लिक उभी आहे. तो लास्टवाला लावा ना," ते म्हणाले. मग फ्रीजकडे बघून, "नाय तर आपण हा लावतो."

मी हिशेब केला. भैरवी म्हटली तर ही शिस्तीची माणसं अर्ध्या ताटावरून उठणार. आजींचा डोसा आत्ताच कुठे मोडला होता. न म्हटली तर पुढच्या रविवारपासून टेप.

मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग फ्रीजकडे, मग माझ्याकडे. चमचा खाली ठेवला आणि नेहमीसारखा हात वर केला. वाट लागली, असं भाऊ पुटपुटला. आता शिकवणी सुरू होणार.

मास्तर म्हणाले, "बाई, आज एकच फर्माईश. भैरवी होऊन जाऊ द्या."

मी गायले. त्या हॉटेलात पहिल्यांदाच ताना न गाळता. तोंडं पुसली गेली, बिलं मागवली गेली, चपला सापडल्या. सगळं हॉटेल उठलं. आजीही सवयीनं अर्ध्या उठल्या होत्या, डोशाकडे बघत.

"बसा हो," मास्तर त्यांना म्हणाले, "घंटा कुठे झालीय अजून?"

आजी बसल्या. आश्रमातले बाकीचे उठलेच नव्हते. मास्तरांनी वेटरला बोलावून आइस्क्रीम कोणकोणतं आहे ते विचारलं आणि ती यादीही सगळ्यांना वाचून दाखवायला लावली.

बाहेरची रांग आत आली, टेबलं पटापट भरली. अण्णा खूश दिसले. मग त्यांची नजर जोडलेल्या टेबलांवर थांबली. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ताई, ये लोग उठते क्यूं नहीं?"

भाऊ लागलेलाच तबला हातोडीनं पुन्हा लावायला लागला.

"वय झालंय, अण्णा," मी म्हटलं. "कमी ऐकू येतं त्यांना."

अण्णांना ते पटलं. ते गल्ल्यावर जाऊन बसले. नव्या टेबलांची ऑर्डर घ्यायला वेटर हवा होता. त्यांचा तळवा घंटीकडे जाताना दिसला, तसं मी भावाला म्हटलं, "जोरात वाजव," आणि यादीत नसलेलं गाणं वरच्या पट्टीत सुरू केलं.