पत्रिकेतला निनावी ससा

भाचीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला नसरापूरचा छापखानेवाला कागद देईल, असं मला वाटलं होतं. त्याने दुपारी लिंक पाठवली. वर फोन केला, "गुरुजी, नवरीच्या आईंना सकाळी नवालाच पाठवलीय, आता तुमाला. ब्राउजरमधी उघडा आन् तिथंच दुरुस्त करा, दोघं मिळून. पाचला छापायला घेतो." भोरच्या शाळेत माझी हयात मुलांच्या वह्या तपासण्यात गेली. एका कागदावर दोघं लिहिताना सापडले की आम्ही दोघांनाही वर्गाबाहेर काढत असू.

पत्रिका उघडली. वर देवांची नावं, खाली प्रमुख पाहुण्यांची. विशेषणं देवांपेक्षा पाहुण्यांना जास्त. निमंत्रक म्हणून मुलीचे चुलते, वय साठ, नावाआधी 'युवा नेते'. वडिलांच्या नावाआधी 'कै.'. आणि त्यांच्यामागे विंझरला शिवणयंत्र चालवून जिने ही मुलगी वाढवली, ती माझी धाकटी बहीण पत्रिकेत कुठेच नाही. निमंत्रकांत पहिलं नाव तिचं हवं. ते मी घातलं.

घातलं आणि ते जाऊ लागलं. आधी शेवटची वेलांटी गेली, मग तिचं अक्षर, मग त्याच्या अलीकडचं. माझे हात मांडीवर होते. खोडायची कळ अडकली असेल म्हणून ती नखाने उचकटून पाहिली. पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. तेव्हा दिसलं की त्या ओळीत एक जांभळी रेघ लुकलुकते आहे आणि तिच्या डोक्यावर पाटी आहे: 'निनावी ससा'. मी चष्मा पुसला. पाटी तीच.

नाव न सांगता पत्रिकेत शिरलेलं हे कुणीतरी माणूसच असणार; संशय सरळ चुलत्यांवर गेला. त्यांना फोन लावला.

"पाव्हणं, मला त्यातलं काय कळतंय? म्या छापखान्यात जाऊन फकस्त माझं पद सांगितलं."

मग बहिणीला लावला. मागे यंत्र चालू होतं.

"अगं, तू ससा आहेस का?"

यंत्र थांबलं. "दादा, तब्येत बरी हाय ना?"

"पत्रिकेतून तुझं नाव कोण काढतंय?"

"मीच. तू तरी पुन्ना पुन्ना कशापायी लिवतोस? विधवेचं नाव वर कुठं असतं व्हय? लोकं नावं ठेवत्याल. आन् मला तसली हौस बी न्हाई."

हौस नाही म्हटल्यावर मी फोन ठेवला. पाच वाजायला किती अवकाश आहे ते बघावं म्हणून पडद्यावरचं घड्याळाचं चित्र दाबलं, तर वेळ दिसेना. पत्रिकेचे सकाळपासूनचे सगळे खर्डे एकाखाली एक उघडले. काय बिघडवलं ते कळेना, म्हणून एकेक दाबत गेलो. नऊ वाजून दहा मिनिटं: निमंत्रकांत पहिलं नाव तिचं. सव्वानऊ: नाही. साडेनऊ: आहे, शिवाय ठळक अक्षरांत. पावणेदहा: नाही. तेव्हा लिंक तिच्याकडे आणि छापखानेवाल्याकडेच होती, आणि तो सांगितल्याशिवाय अनुस्वारही देत नाही.

खर्ड्यांतून परत पत्रिकेत कसं यायचं, यात बराच वेळ गेला. कसा आलो ते आजही सांगता येणार नाही. फोन केला नाही. तिचं नाव तिसऱ्यांदा लिहिलं, ठळक केलं, आणि हात बाजूला घेतले.

ससा आला. नावाच्या शेवटी उभा राहिला. लुकलुकत राहिला. पाचला दहा कमी होते. वेलांटी जागेवर होती.

मग रेघ हलली, एक ओळ खाली उतरली आणि दिरांच्या नावाआधी जाऊन थांबली. आधी नेते गेले, मग युवा.